अल्पभूधारक शेतकऱ्यांबरोबर शेती-संशोधन कसं करावं: नाशिक जिल्ह्यासाठी पायरीपायरीने

उन्हाळ कांद्याच्या प्रयोगाचा निकाल कधी लागतो? संशोधन केंद्रावर बहुतेक वेळा एप्रिल-मेमध्ये. काढणी होते, वाफ्यावरचं वजन होतं, हेक्टरी क्विंटलचा आकडा निघतो, तक्ता भरतो. चांदवड-देवळ्याकडच्या दीड-दोन एकरवाल्या शेतकऱ्याचा निकाल मात्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लागतो, चाळ (कांदा साठवायची हवेशीर कोठी) फोडल्यावर. मधल्या चार महिन्यांत किती सडलं, किती घटलं, किती कोंब आले आणि त्या दिवशी लासलगावच्या कांदा बाजारात काय भाव निघाला, यावर त्याचं वर्ष ठरतं. खताचा जो डोस वाफ्यावर पहिला आला, तोच चाळीत शेवटचा येऊ शकतो. शेतकऱ्याला सुरुवातीपासून सोबत घेतलं असतं, तर 'वजन सप्टेंबरमध्येही करा' हे त्याने पहिल्याच बैठकीत सांगितलं असतं.

प्रश्न ठरवण्यापासून निकाल वाचण्यापर्यंत शेतकऱ्याला निर्णयात घेऊन संशोधन कसं करायचं, ते इथे सविस्तर मांडतो आहे. कृषी विज्ञान केंद्रातले विषय विशेषज्ञ, शेतकरी उत्पादक कंपन्यांत काम करणारे कृषी पदवीधर, गावात महिने काढणारे कृषिदूत आणि कृषिकन्या (कृषी पदवीचे विद्यार्थी), आणि स्वतःच्या हिमतीवर प्रयोग करू पाहणारे शेतकरी गट यांच्यासाठी हे आहे. मुख्य उदाहरण उन्हाळ कांद्याचं घेतलं आहे. पश्चिमेकडच्या नागली (नाचणी) आणि भाताच्या पट्ट्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे, कारण तिथलं गणित वेगळं आहे.

लहान शेतकरीच का

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातले सुमारे ८६ टक्के खातेदार २ हेक्टरच्या आतले आहेत. संशोधन केंद्राची जमीन सपाट असते, पाणी हुकमी असतं, मजूर पगारी असतात. शाश्वत शेतीच्या बहुतेक उपायांना नेमकं तेच लागतं जे लहान शेतकऱ्याकडे तुटपुंजं आहे: शेण, पालापाचोळा, माणसांचे तास आणि वाट पाहण्याची ऐपत. जीवामृत करायला जनावर लागतं, आच्छादनाला काडीकचरा लागतो आणि तोच काडीकचरा गोठ्यातही हवा असतो. 'एकरी दोन टन गांडूळखत टाका' ही शिफारस चुकीची नसेलही, पण ज्याच्या दारात एकच गाय आहे त्याच्यासाठी ती शिफारसच नव्हे. हा अडसर केंद्राच्या प्रक्षेत्रावर कधीच दिसत नाही. तो शेतकऱ्याच्या वावरातच दिसतो.

शिवाय नाशिक हा एक जिल्हा असला तरी शेती एक नाही. इगतपुरीत पाऊस ३,००० मिलिमीटरच्या पुढे जातो, सिन्नर-येवल्याकडे तो पाच-सहाशेवर थांबतो. दिंडोरी-निफाडची द्राक्षं, बागलाणचं डाळिंब, सुरगाणा-पेठची नागली, नांदगावची जिरायत. जिल्ह्यासाठी एकच शिफारस असं काही असूच शकत नाही.

आणि शेतकऱ्याला प्रयोग शिकवावा लागतो हा समज तर काढूनच टाका. सोनाका, टास-ए-गणेश, माणिक चमन, शरद सीडलेस ही द्राक्षं महाराष्ट्रातल्या बागायतदारांनीच आपल्या बागेतल्या वेगळ्या दिसलेल्या वेलींतून निवडली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी धानातल्या वेगळ्या लोंब्या बाजूला काढून वर्षानुवर्षं निवड केली आणि एचएमटी तांदूळ उभा केला. त्यांच्याकडे दीड एकराच्या आसपासच जमीन होती. निरीक्षण शेतकऱ्यांकडे आहेच. तुलना काटेकोर करणं आणि निष्कर्ष इतरांना पडताळता येईल असा मांडणं, एवढीच भर बाहेरून आलेल्या माणसाने घालायची आहे.

पहिली पायरी: कोणाला बरोबर घ्यायचं

गावात गेलात की पहिल्या दिवशी तुम्हाला 'प्रगतिशील शेतकरी' भेटतील. घर रस्त्याला, विहिरीला पाणी, पुरस्काराची फ्रेम भिंतीवर. माणूस चांगला असतो, चहा देतो, जमीनही देतो. पण दहाच्या दहा प्लॉट अशाच ठिकाणी पडले तर तुमचा निकाल त्याच थरापुरता खरा राहील.

म्हणून आधी शिवारफेरी करा. गावातल्याच दोघातिघांना बरोबर घेऊन गावठाणापासून शेवटच्या मळ्यापर्यंत चालत जा आणि वाटेत चार गोष्टी टिपा: पाणी कुठून येतं (कालवा, विहीर, शेततळं की काहीच नाही), माती काळी की मुरमाड, चाळ पक्की की बांबूची, आणि कसणारा मालक आहे की वाट्याने करतो. पालखेडच्या कालव्यावरचा निफाडचा शेतकरी आणि कालव्याच्या शेपटाकडचा येवल्याचा शेतकरी यांची पाण्याची चिंता एकसारखी नसते. या प्रत्येक गटातून दोन-तीन, असे एकूण १० ते १५ जण घ्या. वाट्याने करणारा किमान एक तरी हवाच. सातबारावर त्याचं नाव नसतं, त्यामुळे योजनांच्या यादीतही तो नसतो. पण खत कमी केलं तर पहिली झळ त्यालाच लागते.

बायकांचं वेगळं सांगतो. कांद्याची लागण, खुरपणी, काढणी, पात कापणं, निवडणं, या साऱ्यात जास्तीत जास्त हात त्यांचे. तरी बैठकीला पुरुष येतात, कारण बैठक सकाळी दहाला पारावर असते आणि दहाला बाया वावरात असतात. संध्याकाळचा स्वयंपाक उरकल्यावर, वस्तीवरच, कोणाच्या तरी ओट्यावर बसा. पहिल्या बैठकीत बोलत्या झाल्या नाहीत तर बायकांची बैठक वेगळी घ्या. 'ताई, कोणत्या वाफ्यातली पात कापायला जड जाते?' असा हातातल्या कामाचा प्रश्न विचारला की बोलणं आपोआप सुरू होतं. जाड मानेचा कांदा कापायला जड जातो, वाळायला वेळ लागतो आणि चाळीत आधी सडतो, हे त्यांना हातानेच ठाऊक असतं.

दुसरी पायरी: तक्रारीतून प्रश्न काढणं

'तुमच्या अडचणी सांगा' म्हटलं की भाव, मजूर, बिबट्या, वीज सगळं निघतं. ते ऐकून घ्या, लिहून घ्या. त्यातल्या कोणत्या गोष्टीवर आपण वावरात काही करू शकतो, ते नंतर एकत्र छाटा. यासाठी मक्याचे दाणे उत्तम. जमिनीवर खडूने चौकोन आखा, प्रत्येक चौकोनात एक अडचण, प्रत्येकाला दहा दाणे, ज्याला जी जड वाटते तिथे जास्त दाणे. लिहिता-वाचता न येणारी आजी आणि पदवीधर नातू दोघांचं वजन इथे सारखं पडतं. पुरुषांचे आणि बायकांचे दाणे वेगवेगळ्या रंगाचे ठेवलेत तर फरकही तिथेच दिसतो.

समजा दाणे 'कांदा टिकत नाही' यावर पडले. ही अजून तक्रार आहे, प्रश्न नाही. ती उकला. युरिया उशिरापर्यंत टाकला जातो का? पाणी काढणीच्या तोंडावरही चालू असतं का? वाण साठवणुकीचं आहे का, की कोणाचंही उळं (कांद्याचं बी) टाकलं? निम्म्या माना पडायच्या आत काढलं का? मान किती ठेवून कापली? चाळीला खालून हवा आहे का? प्रत्येक मुद्द्यावर कोणाचा काय अनुभव आहे ते बोलू द्या. 'आबा, तुमचा मागच्या साली दिवाळीपर्यंत टिकला, काय वेगळं केलं होतं?' या एका प्रश्नातून अनेकदा प्रयोगाची कल्पना गावातूनच निघते.

मग एकच बदल निवडा. दोन नकोत. आपल्या उदाहरणात गट असा प्रश्न ठरवतो: 'लागणीनंतर ४५ दिवसांनी युरिया पूर्ण थांबवला तर चार महिन्यांनी चाळीतून विकण्याजोगा कांदा जास्त निघतो का?' राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या शिफारशीत नत्राचे (युरियातून मिळणाऱ्या नायट्रोजनचे) पुढचे हप्ते ३० आणि ४५ दिवसांनी आहेत. उशिरा दिलेल्या नत्राने मान जाड होते आणि टिकवण घटते, हेही माहीत आहे. मग प्रयोग कशाला? कारण कित्येक शेतकरी साठ-सत्तर दिवसांपर्यंत युरिया देतात, आणि त्याला त्यांच्याकडे कारण असतं: वजन. एप्रिलमध्ये भाव असेल तर ते लगेच विकतात आणि तेव्हा वजन कामाला येतं. ही ओढाताण खरी आहे. शिफारस पुन्हा वाचून दाखवल्याने ती सुटत नाही. दोन्ही बाजूंचा हिशेब त्यांच्याच मातीत मांडला तर सुटू शकते.

तिसरी पायरी: वावरात मांडणी

इथे घाई करू नका. मांडणी चुकली तर पुढचे सहा महिने वाया जातात, आणि तुमचे नाही, शेतकऱ्याचे.

प्रत्येक शेतकऱ्याकडे दोनच भाग: एकात त्याची नेहमीची रीत, दुसऱ्यात ठरलेला बदल. प्रत्येकी दोन-अडीच गुंठे पुरेत. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. पावलांनी नका मोजू, टेप लावा. दोन्ही भाग शेजारी, एकाच दिवशी लागण, एकाच रोपवाटिकेचं रोप, सारखंच अंतर. फरक फक्त युरियाच्या तारखांचा.

कोणता भाग कुठे, हे नाणं उडवून ठरवा. नाहीतर होतं असं की नव्या पद्धतीला शेतकरी प्रेमाने चांगली बाजू देतो, किंवा शंकेने बांधाकडची. लिंबाच्या सावलीतली, बांधालगतची, उकिरड्याची जुनी जागा असलेली पट्टी सोडून द्या. जमिनीला उतार असेल तर भाग वर-खाली पाडू नका. उताराच्या दिशेने लांब पट्टे पाडा, म्हणजे वरची मुरमाड आणि खालची गाळाची जागा दोघांच्याही वाट्याला येते.

पाणी कसं देता, यावर मांडणी बदलते आणि हे कागदावर कधी लिहिलेलं नसतं. सपाट वाफ्याला पाटाने पाणी देत असाल तर एका वाफ्यातला युरिया पाण्याबरोबर दुसऱ्यात जातो. म्हणून मध्ये एक अख्खा वाफा मोकळा धरा. त्यात कांदा लावा, पण तो मोजू नका. ठिबक असेल आणि खत व्हेंच्युरीतून (पाण्यात खत ओढून घेणाऱ्या नळीतून) जात असेल तर ते दोन्ही भागांत सारखंच जाणार. अशा वेळी बदलाच्या भागाला स्वतंत्र कॉक बसवा, किंवा प्रयोगापुरता युरिया हाताने द्या. कॉकचा खर्च प्रयोगाच्या पैशातून, शेतकऱ्याच्या खिशातून नव्हे.

दोन्ही भागांच्या चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोका आणि रंग द्या. लाल म्हणजे नेहमीची रीत, पांढरा म्हणजे बदल, असं काहीही चालेल, पण सर्व गावात रंग एकच ठेवा. फवारणीला आलेल्या मजुरालाही कळलं पाहिजे.

दहा शेतकरी म्हणजे दहा पुनरावृत्ती. एकाच वावरात चार वेळा मांडलेल्या प्रयोगापेक्षा दहा वावरांत एकेकदा मांडलेला प्रयोग गावाबद्दल जास्त सांगतो. बदलांची संख्या जास्त असेल, उदाहरणार्थ पाच-सहा वाणं तपासायची असतील, तर दुसरी रीत आहे: एका ठिकाणी सगळ्यांचा मोठा प्रयोग तीन-चार पुनरावृत्तींसह, आणि बाकीच्या शेतकऱ्यांकडे त्यातले दोन-तीनच. 'आई आणि बाळं' म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत १९९० च्या दशकाअखेर आफ्रिकेतल्या मलावीत रूढ झाली. आणखी एक प्रकार असा की प्रत्येकाला बियाण्याच्या फक्त तीन पुड्या द्यायच्या, वर नाव न लिहिता अ, ब, क, आणि शेवटी विचारायचं: सगळ्यात चांगलं कोणतं, सगळ्यात वाईट कोणतं? पण त्याला भरपूर शेतकरी लागतात. पंधरा जणांचा गट असेल तर दोन भागांची साधी जोडीच ठेवा.

चौथी पायरी: तोटा कोणाचा, बियाणं कोणाचं, कागद कोणाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते संशोधन प्रामाणिक आहे की नाही ते इथेच कळतं.

दोन एकरवाल्याने अडीच गुंठे तुमच्या हवाली केले, आणि तिथे उत्पन्न कमी आलं, तर ते कोणी भरायचं? सुरुवातीलाच लिहून ठेवा: दोन भागांतला फरक काढणीला मोजायचा आणि बदलाच्या भागात कमी आलं तर तेवढ्या कांद्याचे पैसे त्या दिवशीच्या जवळच्या बाजार समितीच्या सरासरी भावाने संस्था देणार. प्लॉट लहान असल्याने रक्कम मोठी होत नाही. पण ही हमी असली की शेतकरी बदलाच्या भागात चोरून युरियाची मूठ टाकत नाही, आणि निकाल स्वच्छ राहतो.

उलट, सगळंच फुकट देऊ नका. बियाणं, खत, फवारणी सगळं संस्थेचं असेल तर माणसं साहित्यासाठी होकार देतात आणि शेवटी 'छान आहे' म्हणतात. नेहमीच्या खर्चापेक्षा प्रयोगामुळे जो जास्तीचा खर्च येतो, तेवढाच द्या. मजुरी वाढत असेल तर घरच्यांचीही मजुरी धरा.

करार एका पानात, मराठीत, मोठ्या अक्षरात. त्यात पाच गोष्टी पुरतात: काय करायचं, किती जागेवर, तोटा कसा भरणार, कधीही बाहेर पडता येईल हे वाक्य, आणि नोंदींची एक प्रत शेतकऱ्याकडेच राहील हे वाक्य. फोटो आणि नाव वापरायचं तर वेगळी परवानगी. सही नवरा-बायको दोघांची घ्या.

वाणांचा प्रयोग असेल तर कायदा माहीत हवा. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकरी आपलं बियाणं राखू शकतो, पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो आणि विकूही शकतो. फक्त संरक्षित वाणाचं ब्रँडेड बियाणं म्हणून विकता येत नाही. स्वतः जपलेल्या वाणाची नोंदणीही शेतकऱ्याच्या किंवा गावाच्या नावाने करता येते. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. तेव्हा सुरगाण्यातल्या एखाद्या पाड्यावरून नागलीचं बी प्रयोगशाळेत न्यायचं असेल तर आधी समितीशी आणि गावाशी बोला, किती नेलं आणि कशासाठी, ते लिहून द्या.

पाचवी पायरी: नोंदी

शंभर रकान्यांचा तक्ता दिला तर तो कोरा राहतो, किंवा आदल्या रात्री भरला जातो. एक दोनशे पानी वही घ्या, डाव्या पानावर एक भाग, उजव्यावर दुसरा. नोंदवायचं इतकंच: तारीख, काम, किती माणसं, किती तास, काय टाकलं, किती रुपये. लिहायला कंटाळा असेल तर व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवायला सांगा: 'आज लाल खुंटीच्या भागात युरिया पाच किलो, पांढऱ्यात काही नाही.' गटातला एखादा बारावीतला मुलगा किंवा मुलगी दर रविवारी ते वहीत उतरवेल. त्याचं मानधन द्या.

तुम्ही स्वतः पंधरा दिवसांनी एकदा जा आणि प्रत्येक भागातली दहा झाडं मोजा: फुलकिडे किती, करप्याचे ठिपके किती पातींवर, मान किती जाड. झाडं निवडताना वाफ्यात नागमोडी चाला, बांधावरून हात पोहोचेल तीच झाडं घेऊ नका. अवकाळी, गारपीट, धुकं यांची तारीख वेगळी लिहा. मार्चमधल्या एका गारपिटीने दोन्ही भाग झोडपले आणि ते नोंदवलंच नाही, तर पुढे आकड्यांचा अर्थ लागत नाही. लागणीआधी प्रत्येक वावराचं माती परीक्षण करून घ्या. सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब एवढं तरी हवंच.

सहावी पायरी: काढणी आणि चाळ

साधारण निम्म्या माना पडल्या, म्हणजे पात मानेपाशी वाकून आडवी झाली, की काढणी. दोन्ही भाग एकाच दिवशी काढता येतीलच असं नाही, कारण कमी नत्राच्या भागात माना आधी पडू शकतात. तसं झालं तर तारीख लिहा. तोही निकालच आहे. कांदा वावरात पातीखाली झाकून तीन-चार दिवस सुकवा, मग मान दोन-अडीच सेंटिमीटर ठेवून पात कापा आणि सावलीत दहा-बारा दिवस ठेवा. दोन्ही भागांना हे अगदी सारखं.

वजन करताना कडेच्या ओळी सोडा आणि मधल्या वाफ्यांचं करा. चार ढीग पाडा: मोठा, मध्यम, गोल्टी (बारीक), आणि जोड किंवा डेंगळा (फुलाचा दांडा आलेला). बाजारात या चारांना चार भाव आहेत, म्हणून नुसतं एकूण वजन पुरत नाही.

आता चाळ. प्रत्येक भागातून चांगला निवडलेला कांदा तीन क्रेटमध्ये, प्रत्येकी २० किलो, असा ६० किलो भरा. रिकामं क्रेट आधी तोला आणि तो आकडा क्रेटवरच रंगाने लिहा. सहाही क्रेट चाळीच्या मधल्या भागात, एकाच उंचीवर. एक भाग दाराशी आणि एक आत असं झालं तर तुम्ही चाळीतली हवा मोजाल, युरिया नव्हे. दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी क्रेट बाहेर काढा, तोला, ओता. सडलेला वेगळा, कोंब आलेला वेगळा, दोन्ही तोला, लिहा, टाकून द्या. चांगला पुन्हा भरा. एकूण वजनातून जे नुसतं नाहीसं झालं ती घट. हे काम दोन माणसांचं अर्ध्या तासाचं आहे, पण जून-जुलैच्या पावसात शेतकरी खरिपाच्या मागे असतो, तेव्हा तुम्हीच जायला हवं.

हिशेब कसा वाचायचा, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा नेहमीच्या भागात एकरी १२० क्विंटल निघाले आणि बदलाच्या भागात ११४. मेमध्ये बदल हरला. चार महिन्यांनी नेहमीच्या ६० किलोंपैकी ३६ किलो विकण्याजोगा उरला, म्हणजे ६० टक्के. बदलाच्या ६० पैकी ४३ किलो, म्हणजे जवळपास ७२ टक्के. आता एकरी हाती आलेला कांदा ७२ क्विंटल विरुद्ध ८२ क्विंटल. मे महिन्यात विकणाऱ्याला जुनी रीत बरी, साठवणाऱ्याला नवी. दोन्ही उत्तरं खरी आहेत, आणि कोणाला कोणतं लागू हे शेतकऱ्याच्या गरजेवर ठरतं. ज्याला मुलीच्या लग्नासाठी किंवा सोसायटीच्या कर्जासाठी मेमध्येच पैसे हवेत, त्याला 'साठवा' म्हणण्यात अर्थ नाही. बदलामुळे वाचलेला युरिया आणि मजुरी दोन्ही हिशेबांत धरा.

सातवी पायरी: निकाल आधी गावात

आकडे घेऊन परस्पर विद्यापीठात जाऊ नका. सप्टेंबरमध्ये गट बसवा, भिंतीवर मोठा कागद लावा, प्रत्येक शेतकऱ्याच्या नावापुढे दोन काड्या काढा: लाल आणि पांढरी, उंची कांद्याच्या प्रमाणात. ज्याची त्याने काढावी.

मग प्रश्न येतो: दहांपैकी सात जणांकडे बदल जिंकला, हे पुरेसं आहे का? नाणं दहा वेळा उडवलं तर सात किंवा जास्त छापे पडण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते, म्हणजे सहातून एकदा हे निव्वळ योगायोगानेही होईल. आठ किंवा जास्त येण्याची शक्यता साडेपाच टक्के, नऊ किंवा जास्त येण्याची एक टक्का. तेव्हा सातवर 'सिद्ध झालं' म्हणू नका, दुसरा हंगाम घ्या. नऊवर मात्र बोलायला हरकत नाही. हा हिशेब गटासमोर खरंच नाणं उडवून दाखवा. सांख्यिकीचा तास घ्यावा लागत नाही.

त्यानंतरचा वेळ हरलेल्या वावरांना द्या. तिघांकडे उलटं का झालं? जमीन हलकी होती का, मुळात नत्रच कमी होतं का, पाणी शेवटपर्यंत चालू होतं का, चाळ पत्र्याची आणि बुटकी होती का? सरासरी काढली की ही तीन वावरं नाहीशी होतात, आणि पुढची शिफारस त्याच तऱ्हेच्या शेतकऱ्याला बुडवते. 'काळ्या जमिनीत ४५ दिवसांनी थांबा, मुरमाडीत आणखी तपासा' असं अर्धवट वाटणारं उत्तर गावाच्या जास्त उपयोगाचं आहे.

घाटमाथ्याकडची गोष्ट वेगळी

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या पाड्यांवर नागली, वरई, भात. इथे पीक मुख्यतः घरात खाल्लं जातं, म्हणून क्विंटलचा आकडा एकटा काही सांगत नाही. नागलीची चार वाणं तपासायची असतील तर कणसं तयार झाल्यावर बायांना शिवारात बोलवा आणि प्रत्येक वाणापुढे टोपली ठेवून दाण्यांनी कौल घ्या. मग थांबू नका. मळणी करून प्रत्येक वाणाची दोन किलो नागली वेगळी दळा आणि भाकरी थापायला द्या. कोणतं झोडायला जड, कशात तूस जास्त, कशाची भाकरी थापताना चिरते, कोणती दुपारपर्यंत मऊ राहते, ताट (काडी) जनावरं खातात का, डोंगरावरच्या वाऱ्यात कोणतं लोळतं. हे निकष कोणत्याही केंद्राच्या तक्त्यात आधीपासून नसतात; ते बायांकडून घेऊन तक्त्यात घालायचे असतात. राब भाजण्याला (रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळण्याला) पर्याय तपासायचा असेल तर राबामुळे तण किती कमी होतं आणि किती खुरपणी वाचते हेही मोजा, नाहीतर पर्याय कागदावरच चांगला दिसेल.

या रीतीने काय होऊ शकतं, याचा देशातला जुना दाखला आहे. १९९० च्या दशकात गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या आदिवासी पट्ट्यात शेतकऱ्यांना भाताची वेगवेगळी वाणं स्वतःच्या शेतात पेरून निवडायला दिली. त्यांनी 'कलिंग ३' उचललं. ते ओडिशातून आलेलं, त्या भागाच्या शिफारशीत नसलेलं वाण होतं. पण लवकर येत होतं, आणि पाऊस लवकर संपणाऱ्या उथळ जमिनीवर तेच हवं होतं. आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. प्रयोगासाठी गावरान वाण हवी असतील तर अशा बँकांपासून सुरुवात करा.

कोणाकडे जायचं, कधी जायचं

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र नाशिकला आहे. शेतावरच्या चाचण्या हे कृषी विज्ञान केंद्रांचं ठरलेलं कामच आहे. कांद्यासाठी राजगुरुनगरचं संचालनालय आणि निफाड तालुक्यातलं राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठान, द्राक्षासाठी मांजरीचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आणि द्राक्ष बागायतदार संघ, डाळिंबासाठी सोलापूरचं केंद्र, गव्हासाठी निफाडचं आणि भातासाठी इगतपुरीचं राहुरी विद्यापीठाचं केंद्र. तालुक्यात 'आत्मा'चे (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेचे) तंत्रज्ञान व्यवस्थापक असतात, शेतीशाळा त्यांच्यामार्फत चालतात. तिथे 'आम्हाला प्रात्यक्षिक द्या' असं म्हणू नका. लिहिलेला प्रश्न, दहा शेतकऱ्यांची नावं आणि मांडणीचा नकाशा घेऊन जा. शास्त्रज्ञाला काम करायला काहीतरी हातात मिळालं की उत्तर वेगळं येतं.

विद्यार्थी घेणार असाल तर एक अट घाला: प्रबंधाची मुदत मेमध्ये संपत असली तरी चाळीच्या नोंदी सप्टेंबरपर्यंत दुसरा कोणी घेईल, हे आधी ठरलं पाहिजे. आणि निकाल कुठे छापून आला तर त्यात गटाचं नाव असावं. शेतकऱ्यांची हरकत नसेल तर त्यांचंही.

वेळापत्रक उलटं मोजा. उन्हाळ कांद्याचं उळं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडतं, लागण डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे शिवारफेरी आणि बैठका ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, करार आणि माती परीक्षण ऑक्टोबरमध्ये. नागलीसाठी हेच काम मार्च-एप्रिलमध्ये उरकावं लागतं, कारण मेअखेर पाड्यावरचे पुरुष-बाया राबाच्या, रोपांच्या मागे लागतात. एका हंगामाला एकच प्रश्न, आणि तो किमान दोन हंगाम. दुसऱ्या हंगामात दोन-तीन नवे शेतकरी जोडा आणि खुंट्या ठोकण्याचं, नाणं उडवण्याचं, क्रेट तोलण्याचं काम पहिल्या वर्षीच्या शेतकऱ्यांनी त्यांना दाखवावं. तुम्ही बाजूला उभं राहून फक्त टेप धरा.